पथ्याच्या दिवसांतली पुरणपोळी

श्रावण लागला की वजन उतरवायला घेतलेल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो. दोन-तीन महिने नेटाने पथ्य पाळलेले असते, काटा चार-पाच किलोंनी खाली आलेला असतो, आणि पुढे नारळीभात, उकडीचे मोदक, गौरीचे जेवण, दसऱ्याचे श्रीखंड, दिवाळीचा फराळ आणि तुळशीचे लग्न आटोपले की लग्नसराई, अशी रांग लागलेली असते. या पंगतींना बसायचे की नाही? व्यायामशाळेतली मुले आठवड्यातून एकदा ‘चीट मील’ हक्काने घेतात आणि त्याने चरबी जळण्याचा वेग वाढतो असे छातीठोकपणे सांगतात. दुसरीकडे, एकदा गोड तोंडात गेले की केलेले सगळे मुसळ केरात, असे बजावणारी माणसेही घरोघरी आहेत. गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नावर बरेच संशोधन झाले आणि वरवर पाहता त्यातले निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. ते शेजारी शेजारी मांडून पाहिले तर मला उत्तर बरेच स्पष्ट दिसते. मेजवानी जेवावी, मात्र ती कधी जेवायची हे आधी ठरलेले असावे, ती विरळ असावी आणि एका पानापुरती असावी. काही माणसांनी मात्र या वाटेला जाऊच नये. ती कोण, हे पुढे येईल.

आधी हिशेब. एखाद्या बाईंना आहे तेवढे वजन राखायला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात आणि सध्या त्या १५०० वर राहतात, असे धरू. आठवड्याची तूट झाली ३५००. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास घट. आता होळीच्या दुपारी त्या तुपासह दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात, बटाट्याची भाजी, भजी आणि कुरडई असे पोटभर जेवल्या. एरवीचे दुपारचे जेवण ५०० चे, आजचे १३००-१४०० च्या घरातले. जादा गेले ८००-९००. आठवड्याच्या तुटीचा चौथा हिस्सा संपला, तीन हिस्से उरले. वजन जरा सावकाश उतरेल, पण उतरेल.

हे एका जेवणाचे झाले. सुट्टीचे गणित निराळे असते. शनिवारी रात्री मित्रांबरोबर बाहेर जेवण आणि दोन पेग, रविवारी सकाळी मिसळ, दुपारी मटण, संध्याकाळी ‘आज सुट्टीच आहे’ म्हणून आइस्क्रीम. जादा ३००० किलोकॅलरी सहज होतात आणि पाच दिवसांची बहुतेक कमाई दोन दिवसांत संपते. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील सुझन रासेट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले: कमी खाण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांचे वजन आठवडाभर उतरत होते आणि शनिवार-रविवारी उतरायचे थांबत होते. ‘एक जेवण’ आणि ‘एक दिवस’ यांतला हा फरक या संपूर्ण वादात सर्वांत कमी बोलला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहणारे लोक विनाकारण हादरतात. एक-दीड किलो वजन वाढलेले दिसते. पण त्याची चरबी व्हायला गरजेपेक्षा आठ-दहा हजार किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि एका पंगतीत तेवढे कोणी जेवत नाही. कमी खाण्याच्या दिवसांत स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा घटलेला असतो. भात-पोळी-गुळाने तो भरतो आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनमागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. लोणचे, पापड, भजी यांतल्या मिठाने आणखी पाणी थांबते, शिवाय आतड्यात अन्न असतेच. तीन-चार दिवसांत हा फुगवटा उतरतो. तेव्हा सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढूच नये. त्या आकड्याने घाबरून दिवसभर उपाशी राहणारी आणि रात्री पुन्हा कोसळणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

निरोगी शरीर एका जड जेवणाने कोलमडत नाही, याचा एक चांगला पुरावा इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचा आहे. जेम्स बेट्स आणि आरन हेंजिस्ट यांच्या गटाने २०२० मध्ये १४ निरोगी तरुणांना एकदा पोट भरेपर्यंत आणि एकदा अगदी घास जाईनासा होईपर्यंत पिझ्झा खाऊ घातला. दुसऱ्या वेळी ते जवळपास दुप्पट, सरासरी ३००० किलोकॅलरींच्या आसपास जेवले. तरीही रक्तातली साखर पोटभर जेवणानंतर होती त्याहून वर गेली नाही. शरीराने इन्सुलिन वाढवून ती आवरली. मात्र ही माणसे तरुण होती, पुरुष होती आणि निरोगी होती. पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या, साखर सीमेवर असलेल्या माणसाने हा निकाल स्वतःला लावून घेऊ नये.

मेजवानीने चयापचय ‘पेटतो’ हा व्यायामशाळेतला दावा मात्र फार ताणण्यासारखा नाही. त्यामागे एक खरी गोष्ट आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचा शोध लावला. चरबी घटली की हे संप्रेरक कमी होते, भूक वाढते आणि शरीर काटकसर करू लागते. मग पोटभर खाऊन लेप्टिन वर आणावे, अशी कल्पना निघाली. स्वित्झर्लंडमध्ये २००० साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात दहा स्त्रियांना तीन दिवस कर्बोदकांच्या रूपात गरजेपेक्षा ४० टक्के जास्त ऊर्जा दिली, तेव्हा लेप्टिन २८ टक्क्यांनी आणि ऊर्जेचा खर्च ७ टक्क्यांनी वाढला. म्हणजे ४० खाऊन ७ जळाले. हा सौदा वजन उतरवणाऱ्याच्या फायद्याचा नाही, आणि एका रात्रीच्या बिर्याणीने तर तेवढाही होत नाही.

याच दाव्याला आधार म्हणून ऑस्ट्रेलियातला ‘मॅटाडोर’ प्रयोग वारंवार पुढे केला जातो. तस्मानिया विद्यापीठाच्या नुआला बर्न यांच्या गटाने ५१ लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने सलग सोळा आठवडे कमी खाल्ले. दुसऱ्याने दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे वजन राखण्यापुरते असे करत कमी खाण्याचे तेच सोळा आठवडे पुरे केले. पहिल्या गटाचे वजन सरासरी ९.१ किलो घटले, दुसऱ्याचे १४.१ किलो. फरक मोठा आहे. पण विश्रांतीच्या पंधरवड्यात त्या लोकांना मोजून-मापून, वजन स्थिर राहील एवढेच अन्न दिले होते. त्यात मेजवानी कुठेच नव्हती. पुढे २०२१ मध्ये व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांवर झालेल्या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात, मधून मधून आठवडाभराची विश्रांती घेणाऱ्यांची चरबी सलग पथ्य करणाऱ्यांइतकीच घटली. भूक तेवढी थोडी कमी जाणवली. तेव्हा शरीराच्या बाजूने मेजवानीचा फायदा जवळपास नाही, आणि विरळ असेल तर तोटाही सोसण्याजोगा. निकाल लागतो तो मनाच्या बाजूला.

तिथली कहाणी अमेरिकेतल्या मिनेसोटापासून सुरू करावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, युद्धात शस्त्र घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण अँसेल कीज यांच्या प्रयोगात स्वेच्छेने सामील झाले. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे हे शोधायचे होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १५७० किलोकॅलरी मिळत. त्यांचे वजन जवळपास पाव हिश्शाने घटले. त्याहून लक्षात राहते ते त्यांच्या मनाचे जे झाले ते. ही मुले पाककृतींची पुस्तके जमवू लागली, बोलणे सगळे अन्नावर येऊन ठेपू लागले, कोणी ताट चाटून पुसून घेई, आणि काहींकडून पथ्य मोडले जाऊ लागल्यावर बाहेर जाताना प्रत्येकाबरोबर सोबती देण्याची वेळ आली. प्रयोग संपल्यावर पोट तुडुंब भरले तरी काहींची भूक शमेना. आजचे पथ्यकरी या मुलांसारखे सडपातळ नसतात, त्यामुळे तुलना पुरती जुळत नाही. पण सलग तुटीत राहिलेल्या मनात अन्न किती जागा व्यापते, हे त्यानंतर कोणाला नाकारता आले नाही.

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना दिला नाही, आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, आणि ते स्वाभाविकच आहे. सतत पथ्यावर असणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्ले. पथ्य मोडलेच आहे, तर आजचा दिवस मोडू दे, उद्यापासून पाहू. हर्मन यांच्या सहकारी जेनेट पोलिव्ही यांनी पुढच्याच वर्षी दाखवले की खाल्लेल्या पदार्थात खरोखर किती कॅलरी होत्या याला फारसे महत्त्व नाही; आपण जड खाल्ले असा समज झाला की बांध फुटतो. नुकसान करतो तो पहिला लाडू नव्हे, पहिल्या लाडवाने आपण हरलो असे मनाने घेतले की त्यामागून येणारे चार लाडू नुकसान करतात.

जर्मनीतले योआखिम वेस्टनहोफर यांनी १९९१ मध्ये मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. खाण्यावरचा ताबा दोन तऱ्हांचा असतो. एक ताठर: हे कधीच नाही, ते कधीच नाही. दुसरा लवचीक: आवडीचे खायचे, पण प्रमाण आणि वेळ सांभाळून, एका वेळी जास्त झाले तर पुढच्या जेवणात थोडे आवरून. हजारो जर्मन लोकांच्या पाहणीत ताठर ताब्याबरोबर अनावर खाणे जास्त आणि वजनही जास्त दिसले, लवचीक ताब्याबरोबर दोन्ही कमी. हा नुसता सहसंबंध आहे, हे लक्षात ठेवायला हवे. वारंवार कोसळणारा माणूसच घाबरून ताठर नियम करत असेल, असेही असू शकते.

म्हणून प्रत्यक्ष प्रयोग हवा. पोर्तुगालमधल्या रिता कोएल्हो दो वाले यांनी नेदरलँड्समधल्या रिक पीटर्स आणि मार्सेल झेलेनबर्ग यांच्याबरोबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात तो आहे. एका गटाला रोज १५०० किलोकॅलरी, दुसऱ्याला सहा दिवस १३०० आणि सातव्या दिवशी २७००. आठवड्याची बेरीज दोन्हीकडे १०,५००. दोन आठवड्यांत वजन दोन्ही गटांचे सारखेच घटले, पण आधी ठरवलेली मोकळीक असलेल्यांचा हुरूप आणि मनाचा तोल जास्त टिकला. प्रयोग छोटा, मुदत अगदी कमी. तरी त्यातला कळीचा शब्द ‘आधी ठरवलेली’ हा आहे. त्या लोकांच्या लेखी रविवारी पथ्य मोडत नव्हते, रविवार पथ्यातच बसवलेला होता. त्यामुळे हर्मन-मॅक यांच्या प्रयोगातला बांध फुटण्याचा क्षण त्यांच्यावर आलाच नाही.

याच्या उलट टोकाला अमेरिकेची राष्ट्रीय वजन-नियंत्रण नोंदवही उभी आहे. रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये ती सुरू केली, किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर राखलेल्यांचीच नावे तीत घेतात. या यशस्वी लोकांपैकी आठवडाभर आणि सुट्टीला सारखेच जेवणाऱ्यांची वजन राखण्याची शक्यता, फक्त आठवड्याच्या दिवसांत कडक राहणाऱ्यांपेक्षा दीडपट होती. ‘पाहा, सूट घेणारे घसरतात’ असा याचा अर्थ सर्रास लावला जातो. मला तो पटत नाही. पाच दिवस कडक आणि दोन दिवस मोकाट हे लवचीकपणाचे लक्षण नाही, तो ताठरपणाचाच दुसरा चेहरा आहे. आठवडाभर सारखे जेवणारा माणूस वर्षातून दहा-बारा वेळा पंगतीला बसला तर त्याचा सारखेपणा बिघडत नाही.

किती वेळा, याचे उत्तर आणखी एका अभ्यासात सापडते. अमेरिकेतल्या ‘पाउंड्स लॉस्ट’ या दोन वर्षांच्या प्रयोगाची माहिती तपासताना जॉन अपोल्झन आणि सहकाऱ्यांना २०१७ मध्ये दिसले की एखादा पदार्थ खाण्याची वारंवारता कमी झाली की त्याची ओढ कमी होते. नुसते प्रमाण कमी केले तर तसे होत नाही. रोज जेवणानंतर बर्फीचा अर्धा तुकडा घेणाऱ्याची बर्फीची ओढ जिवंतच राहते. महिन्यातून एकदा, सणाला, मनसोक्त खाणाऱ्याची मावळत जाते. ‘थोडे थोडे सगळे खा’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण गोडाचे व्यसन लागलेल्यांना तो मी कधीच देणार नाही. आणि म्हणूनच दर रविवारच्या ‘चीट मील’पेक्षा मला आपले सणवार बरे वाटतात. ते पंचांगाने ठरलेले असतात, दमलो म्हणून किंवा बक्षीस म्हणून घेतलेले नसतात, आणि चार माणसांत बसून जेवायचे असतात.

आता ज्यांनी हे करू नये ते. काही जणांचे खाणे एकदा सुरू झाले की थांबत नाही: चोरून, भराभर, पोट दुखेपर्यंत, आणि नंतर स्वतःची किळस. आठवड्यातून एकदा तरी असे होत असेल आणि ते तीन महिने चालले असेल तर २०१३ पासून मानसोपचाराच्या प्रमाण नियमावलीत तो स्वतंत्र आजार मानला आहे. अशा माणसाला ‘आठवड्यातून एकदा सूट घे’ सांगणे म्हणजे त्याच्या आजाराला वेळापत्रक बांधून देणे. कॅनडात २७०० हून अधिक तरुण-तरुणींच्या २०२२ मधल्या पाहणीत निम्म्याहून अधिक जण ‘चीट मील’ घेत असल्याचे आढळले, आणि ते घेण्याचा अनावर खाण्याशी संबंध दिसला. तुमच्या घरातले पोर व्यायामशाळेच्या नावाखाली सहा दिवस उकडलेले चिकन आणि सातव्या दिवशी तीन पिझ्झे खात असेल तर त्याला हसू नका, त्याच्याशी बोला. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

दुसरा गट मधुमेहींचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटातही चरबी किती असू शकते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवले. आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचे, ते यासाठी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी ‘रात्री लग्नाचे जेवण आहे’ म्हणून दिवसभर उपाशी राहणे तर धोक्याचे आहे. साखर एकदम उतरून चक्कर येते, क्वचित शुद्धही हरपते. त्यांनी दुपारचे जेवण वेळेवर घ्यावे, पंगतीत आधी कोशिंबीर, उसळ, ताक आणि मग एकच गोड, आणि जेवणानंतर वीस मिनिटे पायी फिरावे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मेजवानी म्हणून मोजल्याच न जाणाऱ्या मेजवान्या. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्या आज्या हसत म्हणत, पण त्यात आहारशास्त्र पुरेपूर आहे. कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी, शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त, वर तूप. आठवड्याचे दोन उपास खिचडीवर करणारी बाई ‘मी तर उपास करते, तरी वजन उतरत नाही’ म्हणते तेव्हा ती खरेच बोलत असते. महाराष्ट्रात लाखोंनी उचललेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या योजनेत दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवायचे असते. तिच्यावर कितीही वाद होवोत, एक गोष्ट तिने चांगली शिकवली: मधले तोंड चालवणे बंद. अशा माणसाने पंगत त्या दोनांपैकी एका जेवणाच्या जागी धरावी, तिसरे जेवण म्हणून नव्हे.

फराळाचेही तसेच. लक्ष्मीपूजनाला करंजी आणि चकली खाल्ल्याने कोणाचे वजन वाढत नाही. ते वाढते तीन आठवडे उघड्या राहिलेल्या डब्यांनी, चहाबरोबर येता-जाता घेतलेल्या मुठीमुठीने. अमेरिकेत नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांत वाढणारे वजन सरासरी जेमतेम ०.३७ किलो आहे, असे २००० साली मोजले गेले. आकडा छोटा आहे, पण ते वजन नंतर उतरले नाही, आणि वर्षानुवर्षे साचत गेलेला लठ्ठपणा असाच येतो.

आणि हे सगळे लिहिताना मला सतत डोळ्यांपुढे येतात त्या स्वयंपाकघरातल्या बायका. पंगतीतला पुरुष एक जेवण जेवतो. ती मात्र पुरण वाटताना चव बघते, सगळ्यांचे झाल्यावर दमून, गार झालेले जेवते, रात्री पातेल्यात उरलेली आमटी संपवते आणि दुसऱ्या दिवशी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून उरलेल्या पोळ्या. तिची एक मेजवानी चार वेळांची होते आणि त्यातले एकही जेवण धड सुखाचे नसते. तिने गरम पोळी पहिल्या पंगतीत, पाटावर बसून, कोणीतरी वाढलेली खावी. वाढायला घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनी उभे राहावे. पुरण माणसे मोजून शिजवावे. तरी उरलेच तर त्याच संध्याकाळी डबे भरून जाऊबाईंकडे, शेजारी, कामाला येणाऱ्या मावशींकडे पोचते करावे, फ्रीजमध्ये ठेवू नये. आणि पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की ‘वहिनी, माझ्या हातची एक तरी’ हा आग्रह एकदाच करावा.